बाभळीची काडी आणि जिभेवरची सृष्टी

माणसाच्या नाकाची एक विलक्षण सवय आहे. जो वास सतत समोर असतो, त्याची दखल घेणं ते काही वेळात थांबवतं. गोठ्यात राबणाऱ्याला शेणाचा वास जाणवेनासा होतो, तेलघाण्यावर बसणाऱ्याला पेंडीचा. आणि आपल्या सगळ्यांनाच आपल्या तोंडाचा वास जाणवत नाही. तोंड नाकाखाली दोन बोटांवर आहे, घशामागून दोन्ही एकमेकांना जोडलेली आहेत, तरीही. म्हणून ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला ते सर्वांत शेवटी कळतं, आणि बहुतेक वेळा कुणी सांगतही नाही. समोरचा माणूस फक्त अर्धं पाऊल मागे सरकतो.

तपासायची एक साधी युक्ती आहे. जीभ होईल तेवढी बाहेर काढून तिच्या मागच्या भागाने मनगटाची आतली बाजू चाटायची, लाळ वाळू द्यायची आणि मग हुंगायचं. हाच वास लोकांना येत असतो. तो कुणी तयार केला, कशापासून केला, आणि आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनी त्यावर जे उपाय सांगितले त्यांत नेमकं काय घडतं, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं.

बार्शीहून सोलापूरकडे जाताना वैराग लागतं. भोगावतीच्या खोऱ्यातला हा मुलूख कमी पावसाचा. काळ्या रानात शाळू, तूर, कांदा. अलीकडे सोयाबीन आणि द्राक्षं. आणि बांधावर बाभळ. कुणी मुद्दाम लावत नाही, कुणी पाणी घालत नाही, तरी ती असते. तिच्या चिवट लाकडाची औतं व्हायची, बैलगाडीला तेच लाकूड लागायचं. शेंगा शेळ्या खातात, फांद्यांचं कुंपण होतं, डिंक बाळंतिणीच्या लाडवात जातो. आणि टूथपेस्टची नळी गावातल्या दुकानात येण्याआधी, सकाळी रानात निघालेला माणूस वाटेत तिचीच काडी मोडून तोंडात धरत असे. राखुंडी घरात असायचीच, पण काडी चालता चालता व्हायची.

मी ती काडी वैरागजवळच्या एका बांधावर मागून घेतली. शेताचे मालक वयस्कर होते. मी हात घातलेली फांदी त्यांनी नापास केली. ‘‘लई कवळी नको, दाताखाली पिचती. जून बी नको. करंगळीएवढी बघा, आन् काटं आदी साफ करा.’’ शिवाय आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली: वेडी बाभूळ घ्यायची नाही. ही सूचना फार महत्त्वाची आहे. वेडी बाभूळ म्हणजे अमेरिका खंडातून आलेलं वेगळंच झाड, प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. लांबून दोन्ही काटेरी झुडपं सारखीच दिसतात. ओळखायचं फुलांवरून आणि शेंगांवरून. खऱ्या बाभळीची फुलं पिवळीधमक, गोल, लोकरीच्या गोंड्यासारखी असतात आणि शेंग प्रत्येक बीपाशी फुगून मध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी दिसते. वेडीच्या फुलांचे लांबट तुरे लोंबतात, आणि शेंग सरळ असते.

काडीचं टोक दाढेखाली धरून चावायला घेतलं. पहिले काही क्षण फक्त ओल्या लाकडाचा स्वाद. मग साल फुटली आणि तुरटपणा तोंडभर पसरला. जीभ टाळूला चिकटू लागली, गाल आतून आखडल्यासारखे झाले, आणि त्याच वेळी लाळ सुटायला लागली, थांबेचना. चावता चावता टोकाचे तंतू सुटे होऊन त्याची कुंचली झाली. तिने दात घासले, हिरड्यांच्या कडेने फिरवली, चूळ भरली. मग मालकांनी शेवटची पायरी दाखवली. काडी मधोमध उभी चिरायची, दोन्ही हातांत धरून कमानीसारखी वाकवायची आणि जिभेवरून मागून पुढे ओढायची. पांढरट पिवळा थर निघाला, बराच निघाला. पुढच्या काही सकाळी मी हेच करत राहिलो, आणि मनगटाची परीक्षा घेतली की वास खरोखर नाहीसा झालेला असे. दुपारपर्यंत थोडा परत येई.

हे सगळं का घडतं?

तोंडाचा वास पोटातून येतो अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. पोट साफ नाही, म्हणून तोंडाला वास. क्वचित तसं असतंही. पण दहांतल्या आठ-नऊ माणसांच्या बाबतीत वासाचा उगम तोंडातच असतो, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा जिभेच्या मागच्या तिसऱ्या हिश्श्याचा. जीभ भिंगातून पाहिली तर ती मखमलीसारखी गुळगुळीत मुळीच नाही. तिच्यावर उंचवटे आहेत, त्यांच्यामध्ये खोल फटी आहेत. अन्नाचे कण, गालांच्या आतून सतत गळणाऱ्या मेलेल्या पेशी, नाकामागून उतरणारा शेंबूड हे सगळं त्या फटींमध्ये साचतं. वरचे जंतू ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे तळाशी हवा पोचत नाही. आणि तिथे, आपल्या तोंडाच्या आत, हवा सोसत नाही असे जंतू राहतात. फ्युसोबॅक्टेरियम, पॉर्फिरोमोनास, सोलोबॅक्टेरियम अशी त्यांची नावं. माणसाच्या तोंडात आजवर ७०० हून अधिक जातींचे जंतू सापडले आहेत, त्यांतले हे काही.

त्यांचं अन्न म्हणजे प्रथिनं. प्रथिनांच्या साखळीत सिस्टीन आणि मेथिओनीन हे दोन घटक असे आहेत की त्यांच्यात गंधक असतं. जंतूंनी ते तोडले की गंधकाचे वायू सुटतात. एक हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा. दुसरा मिथाइल मरकॅप्टन, सडलेल्या कोबीच्या वासाचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले जोसेफ टॉन्झेटिच यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत हे वायू मोजून दाखवले आणि तोंडाच्या दुर्गंधीचं मूळ गंधकात आहे हे पक्कं केलं.

या मिथाइल मरकॅप्टनचा एक सख्खा भाऊबंद आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळतात, आणि तेही अगदी नखभर. माणसाचं नाक या कुळातले वायू हवेच्या अब्ज भागांत काही मोजके भाग असले तरी पकडतं. गॅस गळताना जीव वाचवणारी नाकाची जी क्षमता आहे, तिच्यामुळेच समोरच्याच्या तोंडाचा वास आपल्याला लपून राहत नाही. सडलेलं अन्न ओळखण्यासाठी निसर्गाने दिलेलं हे शस्त्र आहे, फार जुनं आणि फार धारदार.

आता लाळ. या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो लाळेबद्दल. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती जंतूंना धुऊन घशाखाली नेते, सोबत ऑक्सिजन आणते, तिच्यात जंतूंच्या भिंती फोडणारं लायसोझाइम असतं. रात्री झोपेत मात्र ती जवळजवळ आटते. तोंड उघडं टाकून झोपणाऱ्याचं तर कोरडंच पडतं. म्हणून सकाळी उठल्यावर प्रत्येकाच्या तोंडाला वास असतो, राजाच्या आणि रंकाच्याही. उपवासाच्या दिवशीही तेच. सोलापूर जिल्ह्यात आषाढी-कार्तिकीचा उपवास घरोघर होतो. दिवसभर चावणं नाही, त्यामुळे लाळेचा ओघ मंदावतो. शिवाय फार वेळ काही न खाल्ल्यास शरीर साठवलेली चरबी वापरायला घेतं आणि त्यातून तयार होणारं अॅसिटोन श्वासावाटे बाहेर पडतं. म्हणून उपवासात अधूनमधून पाणी पिणं तोंडासाठीही चांगलं.

आता पुन्हा काडीकडे या. ती चावायला घेतली आणि पहिली गोष्ट घडली ती लाळ सुटण्याची. चावण्याची क्रिया आणि तीव्र चव, दोन्हींनी लाळग्रंथी जाग्या होतात. रात्रभर सुकलेल्या तोंडात सकाळी सकाळी असा पूर आणणं, हेच या उपायाचं निम्मं यश. ब्रशने घाईघाईत दोन मिनिटं घासणाऱ्याला हे मिळत नाही, कारण काडी निदान दहा मिनिटं चावावी लागते, त्याशिवाय कुंचली होतच नाही.

दुसरी गोष्ट तुरटपणाची, आणि ती मला अद्भुत वाटते. आपल्या परंपरेत गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस मानले आहेत. पण आजचं शरीरविज्ञान तुरटपणाकडे मुख्यतः स्पर्श म्हणून पाहतं. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिनला प्रथिनांची विलक्षण ओढ. लाळेत काही बुळबुळीत प्रथिनं असतात, त्यांच्यामुळे जीभ टाळूवरून सहज घसरते. टॅनिन या प्रथिनांना धरून त्यांच्या गाठी करतं, वंगण नाहीसं होतं, आणि जीभ व टाळू एकमेकांवर घासू लागतात. ते घासणं म्हणजे तुरटपणा. कच्चं केळं, जांभूळ, कडक चहा, सगळीकडे हेच चालतं.

बाभळीच्या सालीच्या याच गुणावर एक आख्खा धंदा उभा होता. कातडं कमावताना ते बाभळीच्या सालीच्या पाण्यात भिजत ठेवत. टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना पकडून घट्ट बांधतं, मग जंतूंना ती तोडता येत नाहीत आणि कुजणारं कातडं वर्षानुवर्षं टिकणारं चामडं होतं. मोटेचं चामडं, वहाणा, बैलांच्या गळ्यातले पट्टे सगळं याच सालीच्या जिवावर. काडी चावताना तेच टॅनिन हिरड्यांवर आणि जंतूंच्या प्रथिनांवर काम करतं. हिरड्या आवळल्यासारख्या वाटतात, दातांवरचा चिकट थर सुटायला मदत होते. एकाच सालीने चामडं टिकावं आणि तोंडही साफ व्हावं, यामागे एकच रसायन असावं, हे कळलं तेव्हा मी त्या काडीकडे कितीतरी वेळ पाहत राहिलो.

तिसरी गोष्ट जीभ खरवडण्याची. काडी चिरून तिने जीभ ओढणं ही शेवटी करायची किरकोळ पायरी नाही. वासापुरतं बोलायचं तर तीच मुख्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या पाचव्या अध्यायात जिभेच्या सफाईचा उपदेश आहे. जीभ खरवडायची पट्टी सोन्याची, चांदीची, तांब्याची, कथलाची किंवा पितळेची असावी, धारदार नसावी आणि वाकवलेली असावी, असं तिथे सांगितलं आहे. आणि कारण काय दिलं आहे? जिभेच्या मुळाशी साचलेला मळ श्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंधी आणतो. जिभेच्या मुळाशी! गंधकाचे वायू मोजणारी यंत्रं, जंतू दाखवणारे सूक्ष्मदर्शक, यांतलं काहीही हाताशी नसताना त्या वैद्यांनी बोट ठेवलं ते बरोबर त्या जागेवर. केवळ पाहून, हुंगून, पुन्हा पुन्हा तपासून. आधुनिक वैद्यकातल्या प्रयोगांची पारख करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००६ साली जीभ खरवडण्यावरचे अभ्यास तपासले. ब्रशपेक्षा पट्टीने गंधकाचे वायू अधिक कमी होतात, फरक लहान असला तरी खरा आहे, आणि परिणाम फार काळ टिकत नाही, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून हे रोज करायचं असतं.

काडीच्या मापाबद्दल सुश्रुतसंहितेत लिहिलं आहे: बारा अंगुळं लांब आणि करंगळीएवढी जाड. वैरागच्या बांधावर मला मिळालेलं माप तेच होतं. सुश्रुताने झाडांची निवडही चवीनुसार लावून दिली आहे. कडूंत कडुनिंब श्रेष्ठ, तुरटांत खैर, तिखटांत करंज, गोडांत मोह. बाभळ आणि खैर ही एकाच कुळातली काटेरी, टॅनिनने भरलेली झाडं; जिथे खैर नाही तिथे लोकांनी बाभळीला हात घातला, हे अगदी साहजिक होतं. पुढे हीच काडीची पुण्याई डबीत आणि नळीत भरली गेली. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ साली मुंबईत परळला विको कंपनी सुरू केली आणि वज्रदंती नावाची दंतपावडर विकायला घेतली. तिच्या घटकांत बाभळ आहे. जगात इतरत्रही हीच कथा. अरबस्तानात पिलूची काडी, मिसवाक, शतकानुशतकं चालत आली आहे, आणि जिथे काडीची पद्धत रुळलेली आहे तिथे ती चालू ठेवायला जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली पाठिंबा दिला.

एक गोष्ट काडीत नसते: फ्लोराइड. दात किडू नयेत म्हणून फ्लोराइडची पेस्ट जे काम करते ते काडी करू शकत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर पेस्ट सोडून काडीवर जाऊच नये. सकाळी काडी आणि रात्री झोपण्यापूर्वी पेस्ट, हा मेळ मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. काडी जोर लावून आडवी घासली तर हिरड्या सोलतात, तेही टाळावं.

जेवणानंतरची बडीशेप, लवंग, वेलची, ओवा यांचं काम वेगळं. बडीशेपेतलं अॅनेथॉल सुवासिक, तिने वास झाकला जातो आणि चावल्याने लाळ सुटते. लवंगेतलं युजेनॉल जंतूंना खरोखर रोखतं. पण यांतला सर्वांत थोर इतिहास आहे तो ओव्याचा. ओव्याला जो झणझणीत वास येतो तो थायमॉलचा. आज दुकानात तोंड धुवायचं जे प्रसिद्ध लिस्टरिन मिळतं, त्याच्या चार मुख्य घटकांत थायमॉल आहे. ते अमेरिकेत १८७९ साली जोसेफ लॉरेन्स या डॉक्टरांनी तयार केलं आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजं भरून जर्मनीला जाई, तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई आणि औषध म्हणून जगभर विकलं जाई. आजीच्या फडताळातल्या डबीत जे होतं, तेच युरोपातल्या प्रयोगशाळेतून बाटलीत येत होतं. चिमूटभर ओवा चावून खाल्ला तर जीभ क्षणभर बधिरते, ती त्या थायमॉलमुळेच.

लसणाचं मात्र कोडं निराळं. सोलापूरच्या जेवणात शेंगाचटणी हवीच, आणि तिच्यात लसूण हवाच. लसूण खाल्ल्यावर कितीही चुळा भरा, काडी करा, वास हटत नाही. कारण तो वास आता तोंडात राहिलेला नसतो. लसणातले गंधकाचे बहुतेक वायू काही वेळात विरतात, पण अॅलिल मिथाइल सल्फाइड नावाचा एक रेणू आतड्यातून रक्तात शिरतो, रक्तातून फुप्फुसात जातो आणि तासन् तास प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर येत राहतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तोंडातली हवा आणि फुप्फुसातून येणारी हवा वेगवेगळी तपासून हे दाखवलं.

मग यावर उपाय? तो सोलापूरकरांच्या ताटातच आहे. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि त्यावर दही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या शेरिल बॅरिंजर यांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कच्च्या लसणात साधं सायीचं दही मिसळलं, तेव्हा वासाच्या प्रमुख वायूंपैकी ९९ टक्के हवेत येईनासे झाले. हा प्रयोग बाटलीतला होता, माणसाच्या तोंडातला नव्हे. पण कारण स्पष्ट आहे. दह्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश गंधकाच्या रेणूंना धरून ठेवतात. त्यासाठी दही लसणाबरोबरच किंवा लगेच पाठोपाठ खायला हवं, संध्याकाळी आठवण झाल्यावर नव्हे. कच्चा पुदिना आणि सफरचंदही याच कामी येतात, असं त्याच प्रयोगशाळेत आधी दिसलं होतं. चटणीत दही कालवताना तिखटपणा उतरावा एवढाच आपला हेतू असतो, आणि नकळत वासाचाही बंदोबस्त होत असतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जिभेवरचे जंतू मुळापासून नष्टच करावेत. तसं करू नये, आणि यामागची गोष्ट तर फारच विस्मयकारक आहे. मेथी, पालक, चाकवत, राजगिरा अशा पालेभाज्यांत नायट्रेट असतं. ते पोटातून रक्तात जातं, आणि आपल्या लाळग्रंथी ते रक्तातून वेचून, कितीतरी पट दाट करून पुन्हा तोंडात सोडतात. शरीर असा उलटा प्रवास का घडवतं? कारण नायट्रेटचं नायट्राइट करायची कला आपल्या पेशींना फारशी अवगत नाही, ती जिभेच्या मागच्या बाजूच्या जंतूंना आहे. त्यांनी केलेलं नायट्राइट आपण लाळेबरोबर गिळतो, त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, आणि ते रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब खाली ठेवायला मदत करतं. लंडनमध्ये केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात निरोगी माणसांना आठवडाभर क्लोरहेक्सिडिनच्या तीव्र गुळण्या करायला लावल्या. तोंडातले जंतू घटले, नायट्राइट घटलं आणि रक्तदाब दोन ते साडेतीन अंकांनी चढला. म्हणजे ज्या जिभेवर वासाचे कारखाने आहेत, तिच्यावरच आपल्या रक्तदाबाची काळजी घेणारेही राहतात. अशा वस्तीत हलक्या हाताने झाडलोट करावी, सरसकट जाळपोळ करू नये. काडी, पट्टी आणि लाळ हेच करतात. डॉक्टरांनी हिरड्यांच्या आजारासाठी क्लोरहेक्सिडिन दिलं असेल तर ते सांगितलेल्या दिवसांपुरतं जरूर वापरावं. मनाने वर्षानुवर्षं नव्हे.

जुन्या उपायांतलं सगळंच घेण्यासारखं नाही, हेही तितक्याच कळकळीने सांगायला हवं. चरकाने तोंड सुगंधी राहावं म्हणून जायफळ, लवंग, कंकोळ, वेलची, कापूर, विड्याचं पान यांबरोबर सुपारीही सांगितली आहे. सुपारी कर्करोगाला कारणीभूत होते, हे आज सिद्ध झालं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला सर्वांत वरच्या गटात टाकलं आहे. तेव्हा त्या यादीतून लवंग आणि वेलची ठेवावी आणि सुपारी काढून टाकावी. चरकालाही पुरावा समोर ठेवला असता तर त्यांनी हेच केलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

सुपारीहून मोठा धोका मशेरीचा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. ग्रामीण महाराष्ट्रात असंख्य बायका दात दुखतो म्हणून, तोंडाला वास येतो म्हणून ती सुरू करतात. तंबाखूतल्या निकोटीनमुळे बरं वाटतं, मग सकाळची मशेरी दुपारी लागते, जेवणानंतर लागते, झोपताना लागते. झाडाच्या पानापासून घरच्या तव्यावर केलेली, म्हणून तिला कुणी वाईट समजत नाही. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही. मशेरीने वास जात नाहीच. हिरड्या खराब होतात, त्यांत पू होतो आणि वास वाढतो. आणि तोंडाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते.

वैरागच्या लोकांना हे सांगताना एक गोष्ट अभिमानाने सांगता येते. त्यांच्याच तालुक्याच्या गावी, बार्शीला, १९८२ साली नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय सुरू झालं. १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांमधल्या कर्करोगाची नोंद ठेवली जाऊ लागली. खेड्यांतल्या लोकसंख्येवर आधारलेली भारतातली ही पहिली कर्करोग नोंदणी. गावोगाव हिंडून, माणसांशी बोलून ती माहिती गोळा केली गेली, आणि खेड्यातल्या कर्करोगाविषयी देशाला कळलं त्यात या मातीचा वाटा मोठा आहे.

तेव्हा वाचकहो, काडी जरूर करून पाहा. खरी बाभळ ओळखा, ताजी काडी घ्या, चांगली चावा, जीभ मुळापासून पण हळुवार खरवडा, आणि भरपूर पाणी प्या. हे सगळं नेमाने करूनही वास जात नसेल तर दातांच्या डॉक्टरांकडे जा, कारण किडलेली दाढ, हिरड्यांतला पायरिया किंवा टॉन्सिलमधले खडे काडीने निघत नाहीत. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत असेल आणि तहान फार लागत असेल तर रक्तातली साखर त्याच दिवशी तपासून घ्या. आणि घरात आई, आत्या, आजी कुणी मशेरी लावत असेल, तर एकदा उजेडात त्यांचं तोंड नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. वैरागहून बार्शी एसटीने तासाभराच्या आत येते.